कारणाचा रकाना

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते माझ्या भित्रेपणामुळे झालं, आणि वाचणाऱ्याने उगाच मला बिचारी म्हणू नये.

वर्ध्याला एका सायंदैनिकात मी सतरा वर्षं काम केलं. चार पानांचा अंक. दुपारी दोनला शेवटचं पान बंद व्हायचं आणि चारला अंक बाजारात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टायपिंगची परीक्षा पास होऊन मी तिथे लागले. वर्षभरात ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा बोटं चालणारी मी एकटीच असल्यामुळे मलाच त्याच्यासमोर बसवण्यात आलं. आमच्या अंकाचं तत्त्व एकच होतं, नावं छापायची. सत्कार असो, शोकसभा असो, शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम असो, आलेल्या प्रत्येकाचं नाव गावासकट आलंच पाहिजे. मालक हेच संपादक. घराणं कापडाच्या व्यापारातलं, बोलणं अर्धं हिंदी. ते म्हणायचे, "जागा कम पडली तर भाषण कापा. नाव कापू नका." ज्याचं नाव येईल तो अंक घेईल, त्याचा साळा घेईल, साडू घेईल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर निघत असे.

नाव हवं असणारे पुष्कळ, तसे नको असणारेही होते. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक वही होती. तिच्यावर ठळक अक्षरांत 'नाव नको' लिहिलेलं. कुणाला आपलं नाव बातमीत यायला नको असेल तर त्याने बारा वाजायच्या आत ऑफिसात येऊन वहीत नोंद करायची. तारीख, बातमी, नाव, कारण, आणि शेवटी मालकांची सही. कारणाचा रकाना रिकामा असला तर मालक सही करत नसत. पूर्वी कधीतरी एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने नुसते हात जोडून बातमी थांबवली होती आणि पुढे तोच मोठा लबाड निघाला होता. तेव्हापासूनचा हा नियम. "थांबवायचं तर वजह लागते," असं ते प्रत्येकाला सांगत.

लोक ती वजह मला सांगायचे. बाकावर बसायचे, पंख्याकडे पाहायचे, रुमालाने मान पुसायचे आणि मग एकदम बोलून टाकायचे. कोर्टात घटस्फोट चालला आहे पण आईला माहीत नाही. भाऊ पिऊन मोटारसायकलवरून पडला आणि त्याची नोकरी नवी आहे. मी ते पूर्ण वाक्यात लिहून घ्यायची, म्हणजे मालकांपुढे त्या माणसाला तेच दुसऱ्यांदा बोलावं लागू नये. वही मालकांच्या लोखंडी कपाटात कुलपात राहायची. इतक्या वर्षांत तिच्यातला एक शब्द बाहेर गेला नाही, याचा मला फार अभिमान होता. दुसरा कसला अभिमान बाळगावा असं माझ्याकडे काही नव्हतंही म्हणा.

मी लागल्यावर दोन-तीन वर्षांनी मुद्रितं तपासायला एक गृहस्थ आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, अबोल, आणि चुका पकडण्यात इतके कडक की त्यांच्या लाल शाईच्या पेनाची मला धडकी भरायची. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती. छापखान्याच्या मशीनमध्ये सापडली होती, असं ते सांगत. बायको लवकर गेलेली, एक मुलगी होती. ती शाळा सुटली की ऑफिसात यायची आणि मला आत्या म्हणायची. माझं लग्न झालं नाही. तिच्या वेण्या घालायला मी शिकले ते वयाच्या तिशीत, आणि तिची पहिली साडी मीच नेसवून दिली. पुढे ती सेलूच्या एका शाळेत शिक्षिका झाली तेव्हा पेढे वाटायला आम्ही दोघं बरोबर हिंडलो होतो.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी मालकांनी नागपूरच्या एका पोराकडून अंकाची वेबसाइट करून घेतली. त्याबरोबर दोन कामं माझ्या गळ्यात पडली. पहिलं काम जुने अंक नेटवर चढवायचं. आमचा मराठी फॉन्ट नेटवर शोधता येत नसे, म्हणून प्रत्येक जुन्या बातमीखाली तिच्यातली सगळी नावं मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. "लोक आपलं नाव टाकून पाहतील," मालक खुशीत म्हणाले. "अमेरिकेत बसलेला भाचा मामाचं नाव टाकंल आणि मामा आपल्या पेपरात सापडंल." मी रोज शे-दीडशे नावं टाइप करायची. वाचायची नाही, फक्त टाइप करायची.

दुसरं काम परवानगीच्या फाइलीचं. मालकांना एकच धास्ती होती, की मोठे पेपर आपल्या बातम्या फुकटात उचलतील. त्यांनी त्या नागपूरवाल्याला विचारलं, "मशीनले असं लिहून देता येते का, की वाच, पण छापू नको?"

तो हसला. "सेठजी, मशीनला दोनच गोष्टी समजतात. ये, नाहीतर येऊ नको. कोणी वापरायचं, कशासाठी, कोणत्या अटीवर, हे सांगायची सोय अजून तरी नाही."

मग त्याने मला समजावलं. सर्च इंजिनांची मशीनं नेटवर सारखी फिरत असतात. कुठल्याही साइटवर आली की आधी तिथली एक साधी फाइल वाचतात. तिचं नाव रोबोट्स. तिच्यात ज्या पानांना मनाई लिहिली असेल तिथे मशीनं जात नाहीत, आणि मग ते पान कुणाला शोधून सापडत नाही. सक्ती काही नाही, पण बरी मशीनं पाळतात. एका मशीनला मनाई करायची की सगळ्यांना, एका पानाला की सगळ्या साइटला, एवढंच लिहायचं. साइटमधलं पान काढायचं असेल तर मला त्याला नागपूरला फोन करावा लागे, पण ही फाइल त्याने माझ्या हाती दिली होती.

मी विचारलं, "आणि कारण कुठे लिहायचं?"

"मशीनला कारण कशाला पाहिजे?" तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याने सांगितलं, की ओळीच्या सुरुवातीला फुलीगोळ्याच्या चौकटीसारखी खूण टाकली तर मशीन ती ओळ सोडून देते. स्वतःच्या आठवणीसाठी काही लिहायचं तर तिथे लिहा, मशीन ते वाचत नाही. मी मनात पक्कं केलं की ते कोणीच वाचत नाही. त्या पोराची यात काही चूक नव्हती.

एके दिवशी पान बंद झाल्यावर भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, जरा इकडं येजो," म्हणाले आणि कागदाची रिळं ठेवायच्या खोलीत गेले. मला वाटलं मोठी चूक छापून गेली. खोलीत त्यांनी दार लोटलं आणि एका जुन्या अंकाची तारीख सांगितली.

"त्या अंकातली सत्काराची बातमी तू नेटवर टाकली."

"टाकली असेल. सगळ्याच टाकते आहे."

"पाहून ये."

मी परत येऊन पाहिलं. बातमी छोटीशी होती. कुष्ठरोगातून बरे झालेल्या एकोणीस जणांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार. आमच्या तत्त्वाप्रमाणे एकोणीसच्या एकोणीस नावं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. सातवं नाव भाऊंचं होतं. गाव होतं यवतमाळकडचं, जे त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. ती बातमी मी दोनदा टाइप केली होती. एकदा ते आमच्याकडे यायच्या आधी, आणि एकदा गेल्या महिन्यात, इंग्रजी अक्षरांत, न वाचता.

मी खोलीत परत गेले. म्हणाले, "भाऊ, ती बोटं मशीनमध्ये..."

"मशीनमंधी काई गेलं नाई, बाई."

मग त्यांनी सांगितलं. विशीत उपचारासाठी इकडे आले, बरे झाले, इथेच छापखान्याचं काम शिकले आणि गावाला पुन्हा गेले नाहीत. "त्या दिवशी बरं वाटलं होतं मले," ते म्हणाले. "जल्मात पह्यल्यांदा नाव छापून आलं होतं. तो अंक मी किती दिवस ठेवला होता. मंग जाळला." मुलीला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता तिला वडनेरचं स्थळ आलं होतं. शेतीवाडीचं घर, मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. "तो नाव टाकून पाह्यल्याशिवाय राह्यन का? तूच सांग."

रोग जाऊन वीस वर्षं झाली होती, औषध कधीच बंद झालं होतं, कुणाला लागायचा प्रश्न नव्हता. पण सोयरीक जुळवताना हे कोण ऐकून घेतं? मुलगी चांगली आहे हो, पण योग दिसत नाही, असं म्हणून पत्रिका परत येते आणि मग ती गोष्ट पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी तिथे जाऊन पोचते. हे भाऊंना माहीत होतं आणि मलाही. त्या खोलीत ते भिंतीला टेकून उभे होते. इतकी वर्षं ज्यांच्या लाल पेनाला मी घाबरले ते भाऊ माझ्याकडे असे पाहत होते की मलाच भीती वाटायला लागली.

पान काढून टाकणं हा सरळ उपाय होता. पण छापलं ते छापलं, जुन्या अंकातला शब्द काढायचा नाही, असं मालकांचं म्हणणं होतं. त्यांना पटवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. भाऊ म्हणाले, "मालकाले सांगाचं नाई. नोकरी सोडीन, पण त्याच्यापुढे हे बोलणार नाई."

मी म्हणाले, "भाऊ, माझ्या हातात एक फाइल आहे."

त्या दुपारी मी त्या पानाला मनाई लिहिली. आणि तिच्यावर, फुलीगोळ्याची खूण टाकून, हाताला वळण होतं तसं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलं: तारीख, भाऊंचं पूर्ण नाव, आणि कारण. कुष्ठरोग होता, बरा झाला, मुलीचं लग्न जमत आहे, मुलाकडच्यांना कळू नये. कारणाशिवाय नोंद करणं मला जमलंच नसतं. पुढे वर्षभराने कुणी विचारलं की हे पान का बंद केलं, तर काय सांगणार, असा माझा विचार होता.

रोज सकाळी ऑफिसात आले की मी आधी भाऊंचं नाव टाकून शोधायची. तीन आठवडे ते पान सगळ्यात वर येत होतं. मग एका सकाळी आलं नाही. मी दोनदा, तीनदा पाहिलं आणि भाऊंना मानेने खूण केली. उठून मोरीवर गेले आणि तोंड धुऊन आले. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढे आणखी लोक आले, जुनी बातमी नेटवर दिसते म्हणून रडकुंडीला आलेले. मालकांनी वहीत सह्या करून त्यांना माझ्याकडे पाठवलं. पान राहील, फक्त शोधून सापडणार नाही, या तडजोडीवर ते राजी होते. चोरीच्या संशयात पकडलेले आणि सुटलेले एक मास्तर होते. दुसरं लग्न करून नांदणारी एक बाई होती, तिच्या पहिल्या नवऱ्याची बातमी होती. मी प्रत्येकाचं नाव आणि कारण त्या फाइलीत नीट लिहीत गेले. भाऊ धरून दहा जण झाले.

मुलीचं साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या गेल्या. मुलगा सडपातळ, कमी बोलणारा. भाऊंनी नवा दुपट्टा घेतला होता आणि तो सबंध कार्यक्रमभर डाव्या हातावर धरला होता. लोकांना वाटलं, यजमानाचा मान. मुलगा एक-दोनदा त्या हाताकडे पाहत होता असं मला वाटलं, पण मला काहीही वाटतं.

लग्नाला दहा दिवस उरले असताना नागपूरवाल्याचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, वो रोबोट्स फाइल में आपने ये क्या लिख के रखा है? मैं पढ़ रहा था, हँसी आ गई."

"तुम्हाला कशी दिसली? पासवर्ड तर माझ्याकडे आहे."

"पासवर्ड लिहायला लागतो, मॅडम. वाचायला कशाला? साइटच्या नावापुढे फाइलीचं नाव टाका, कोणालाही दिसते. मशीनला वाचता यावी म्हणून ती उघडीच असते."

मी फोन ठेवला आणि त्याने सांगितलं तसं टाइप केलं. पांढऱ्या पानावर माझ्या ओळी आल्या. दहा नावं, दहा कारणं, तारीखवार. सगळ्या बातम्या शोधल्या असत्या तरी कुणाला एवढं एका ठिकाणी मिळालं नसतं. ते मी नीट रचून ठेवलं होतं, पूर्ण वाक्यांत. कशीबशी एकेक नाव आणि कारण पुसून फाइल पुन्हा चढवली आणि तीन वेळा उघडून पाहिली. मग नागपूरला परत फोन लावला आणि विचारलं, की ही फाइल कोण पाहत असेल.

"कौन देखेगा मॅडम," तो म्हणाला. "आम पब्लिक को तो मालूम भी नहीं. कॉम्प्युटरवाले लोग देखते हैं."

ते दहा दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. ऑफिसातला फोन वाजला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांगायची. भाऊंच्या घरी रुखवताचं काम चालू होतं, मी रोज संध्याकाळी जायची. मुलगी साड्या उलगडून दाखवायची, "आत्या, हे पाह्य नं," म्हणायची, आणि मी पाहायची पण मला रंग दिसायचा नाही. एकदा माझ्यादेखत वडनेरचा फोन आला. भाऊंनी रिसिव्हर कानाला लावला, आणि नुसतं "हो... हो... बरं" म्हणत राहिले. मी शेवेचं ताट हातात धरून उभी होते. फोन ठेवून ते म्हणाले, "पंचवीस पाव्हणे जास्तीचे येऊन राह्यले." मी ताट खाली ठेवलं. भाऊंना सांगून टाकावं असं रोज ठरवायची. सांगितलं असतं तर त्यांना निदान तयारी करता आली असती. पण ते माझ्याकडे कसे पाहतील, या विचारानेच माझी जीभ उचलायची नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. अक्षता पडल्या तेव्हा मी मोठ्याने रडले आणि बायका म्हणाल्या, आईसारखी माया आहे हो. जेवणं झाल्यावर मी पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते, तेव्हा नवरदेव तिथे आला. बाशिंग काढलेलं, कपाळावर त्याची खूण होती.

"आत्या, ते फाइल तुमीच लिहित होत्या नं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं होतं, पण मी धुतलेले हात पुन्हा धुवायला लागले.

"कोणतीबी साइट पाह्यली की मी आधी ते फाइल उघडून पाह्यतो. सवय हाये कामाची. मामाजी ज्या पेपरात हायेत तो कसा हाये म्हणून पाह्यला होता. साक्षगंधाच्या आधीच." तो हळू बोलत होता. "मामाजींचं नाव मी कधी शोधलंच नसतं. कायले शोधू?"

म्हणजे मी काहीच केलं नसतं तर त्याला काहीच कळलं नसतं. मी तिथेच खाली बसले. तोही शेजारी बसला.

"भिऊ नका," तो म्हणाला. "घरी मी कोणाले सांगतलं नाई. आई मानली नसती. मी इकडं तिकडं वाचलं, एका डॉक्टरले विचारलं. मले त्याचं काई नाई. पण मामाजी माह्यापुढे हात लपवते. जेवतानी पाह्यलं आज, डावा हात पूर्ण वेळ मांडीखाली होता. मले पाहवत नाई. माह्या तोंडून तर निघणार नाई, अन तिलेबी माहीत नाई. तुमी त्यांच्या जवळच्या. तुमी सांगा त्यांले, की मले सगळं माहीत हाये अन मले काई वाटत नाई."

मी म्हणाले, सांगते. खरंच सांगणार होते.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी भाऊंसाठी चहा घेऊन गेले आणि समोर बसले. आता बोलायचं, असं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "बाई, ते पान बंदच हाये नं?" जावयाला माहीत आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कसं कळलं? आणि मग मला सांगावं लागणार होतं, की तुमचं नाव आणि तुमचा रोग मी माझ्या हाताने लिहून उघड्यावर टांगला होता. मी म्हणाले, "बंदच आहे." त्यांनी चहा घेतला. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि मी स्वतःला सांगितलं, आज नको.

असं दोन-तीनदा झालं. मग मी ठरवणंही सोडलं. बाकीच्या नऊ जणांचं पुढे काय झालं तेही मी विचारायला गेले नाही. ते मास्तर रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूने जायची. भाऊ दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, पान बंदच हाये नं, आणि मी तेच उत्तर द्यायची. जावई यायचा असला की ते आदल्या दिवसापासून अस्वस्थ असत. उन्हाळ्यातही अंगावर शाल घेत.

नातवाच्या बारशाला आम्ही दोघं वडनेरला गेलो. घर माणसांनी भरलेलं. मुलीने बाळ आणून भाऊंच्या पुढे धरलं. ते दोन पावलं मागे सरले. "माह्या हातातून पडन," म्हणाले. ती हसून म्हणाली, "बाबा, नाई पडत, मी हाये नं." त्यांनी मान हलवली आणि शाल आवरून घेतली. त्यांचे डोळे बाळावर होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जावई दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्याची दोरी नीट करू लागले. एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाने त्या क्षणी नातवाला उचललं असतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पोर पुढे चालायला लागलं, आजोबांच्या मागे धावायचं, आणि भाऊ त्याला लिमलेटची गोळी द्यायची झाली तर ती पाटावर ठेवून द्यायचे.

भाऊ गेले ते हृदयविकाराने, एका सकाळी, ऑफिसला निघताना. आदल्या दिवशीही त्यांनी मला विचारलं होतं.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर जावई माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आत्या, तुमी सांगतलं होतं नं त्यांले?"

"हो," मी म्हणाले.

"कधी?"

"लग्न झाल्यावर लगेच."

"काय म्हणले?"

"काही नाही म्हणाले. बरं वाटलं त्यांना."

त्याने डोळे पुसले. त्याचा मुलगा अंगणात मांडवाच्या खांबाभोवती फिरत होता, त्याच्याकडे तो पाहत राहिला.

"मंग पोराले कधी घेतलं काऊन नाई त्यांनी?" त्याने विचारलं.

पाणी आणते म्हणून मी उठले आणि मागच्या दाराने घरी आले.